फुकटात गाणी ऐकायची? मग ॲप निवडण्याआधी हे बघा

गेल्या आठवड्यात माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती लातूरला डिप्लोमा करते, हॉस्टेलवर राहते आणि रोजच्या दीड जीबी डेटावर दिवस काढते. प्रश्न एका ओळीचा होता, "दादा, फुकटात गाणी ऐकायला सगळ्यात भारी ॲप कोणतं रे?"

मी उलट तिलाच विचारलं, "हॉस्टेलला वाय-फाय आहे का? गाणी ऐकताना फोन हातात असतो की खिशात? जुनी गाणी ऐकतेस की नवी?" तर म्हणते, "एवढं काय असतं त्यात?"

असतं, बरंच असतं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडून लिहितोय.

फुकट म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गाणी ॲपच्या मालकीची नसतात. ती म्युझिक कंपन्यांची असतात आणि ती वाजवण्यासाठी ॲप त्यांना पैसे देतं. तुम्ही वर्गणी भरत नसाल तर हे पैसे जाहिरातींतून काढावे लागतात. पण ॲपची खरी इच्छा असते की तुम्ही कधीतरी कंटाळून प्रीमियम घ्यावं. म्हणून फुकटच्या प्लॅनमध्ये काही ना काही गैरसोय मुद्दाम ठेवलेली असते.

ही गैरसोय साधारण चार प्रकारची असते: हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावता न येणं, स्क्रीन बंद केली की गाणं थांबणं, गाणं डाउनलोड करता न येणं आणि आवाजाची क्वालिटी कमी मिळणं. जाहिराती तर सगळीकडे आहेतच.

त्यामुळे "कोणत्या ॲपमध्ये जास्त गाणी आहेत" यापेक्षा "यातली कोणती गैरसोय मला चालेल" असं विचारलं की निवड सोपी होते.

स्पॉटिफाय

भारतात हे फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. तेव्हा फुकट प्लॅनवरही मोबाइलवर हवं ते गाणं लावता यायचं. लोकांना सवय लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने हात आखडता घेतला. गाण्यांचा क्रम ठरवणं, मागे-पुढे सरकवणं, तेच गाणं परत लावणं, या गोष्टी फुकट वापरणाऱ्यांसाठी बंद झाल्या. मग सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने जगभरातल्या फुकट वापरकर्त्यांसाठी गाणं शोधून थेट वाजवण्याची सोय जाहीर केली. त्यालाही मर्यादा आहेतच.

यातून शिकायचं एवढंच, की फुकट प्लॅनचे नियम कधीही बदलू शकतात.

जमेची बाजू: स्क्रीन बंद केली तरी गाणं चालू राहतं आणि तुमची आवड ओळखून नवीन गाणी सुचवण्यात हे ॲप हुशार आहे. उणी बाजू: गाणी डाउनलोड होत नाहीत आणि दोन-चार गाण्यांनंतर जाहिरात ठरलेली.

जिओसावन

सावन ही सेवा २००७ पासूनची. २०१८ मध्ये ती आणि जिओम्युझिक एकत्र आले आणि जिओसावन झालं. नावात जिओ असलं तरी कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालतं, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. फुकट प्लॅनवर गाणं निवडून लावता येतं आणि फोन खिशात ठेवूनही ऐकता येतं. हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषा वेगवेगळ्या निवडता येतात, त्यामुळे मराठी गाणी शोधताना फार खणावं लागत नाही. डाउनलोड आणि सगळ्यात वरची क्वालिटी मात्र पैसे भरणाऱ्यांनाच.

यूट्यूब म्युझिक

हे भारतात मार्च २०१९ मध्ये आलं. याची ताकद म्हणजे यूट्यूबवरचा सगळा पसारा. एखाद्या जत्रेतलं लाइव्ह भारूड, कॉलेजच्या बँडने केलेलं कव्हर, कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेलं गाणं, असा माल दुसरीकडे मिळणं अवघड.

पण फुकट प्लॅनवर स्क्रीन बंद केली किंवा दुसऱ्या ॲपवर गेलात की गाणं थांबतं. म्हणजे गाणं ऐकण्यासाठी स्क्रीन चालू ठेवायची, म्हणजे बॅटरीही जाणार. आणि गाण्याऐवजी व्हिडिओ लावलात तर डेटाही जाणार. किती जाणार, ते पुढे बघू.

आणि हो, रेडिओ

आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एआयआर' हे ॲप फुकट आहे. त्यावर विविध भारतीपासून मराठी केंद्रांपर्यंत बरंच काही ऐकता येतं. गाणं तुम्ही निवडू शकत नाही, हे मान्य. पण सकाळी भक्तिगीतं किंवा रात्री जुनी गाणी ऐकायची असतील तर प्लेलिस्ट बनवायची कटकटच नाही. तुमच्यापेक्षा आई-बाबांना याचा उपयोग जास्त होईल.

डेटा किती जातो? हिशोब स्वतः करा

ॲपच्या सेटिंगमध्ये क्वालिटीपुढे 'केबीपीएस' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका सेकंदाला किती हजार बिट येतात ते. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून तो आकडा आठने भागायचा, एका तासाचे ३,६०० सेकंद म्हणून ३,६०० ने गुणायचा आणि शेवटी हजाराने भागायचा. उत्तर एमबीमध्ये मिळतं.

२४ केबीपीएस: तासाला सुमारे ११ एमबी
९६ केबीपीएस: तासाला सुमारे ४३ एमबी
१६० केबीपीएस: तासाला ७२ एमबी
३२० केबीपीएस: तासाला १४४ एमबी

आता व्हिडिओ बघा. तो सेकंदाला फक्त एक मेगाबिट या वेगाने आला तरी तासाला ४५० एमबी होतात. दीड जीबीचा पॅक साडेतीन तासांत साफ! तोच पॅक ९६ केबीपीएसवर ३० तासांपेक्षा जास्त पुरला असता.

पुण्याहून गावी जाताना एसटीत मी एकदा हेच केलं होतं. गाणी समजून व्हिडिओ लावून बसलो आणि भिगवणच्या आसपास डेटा संपला. उरलेला रस्ता शेजारच्या काकांच्या फोनवरचं कीर्तन ऐकत काढला. कीर्तन चांगलं होतं, ती गोष्ट वेगळी.

तर ॲप टाकल्यावर पहिलं काम: सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटासाठी क्वालिटी 'नॉर्मल' किंवा 'लो' करा. साध्या इअरफोनवर, बसच्या गोंगाटात ९६ आणि ३२० मधला फरक बहुतेकांना कळत नाही.

काल होतं ते गाणं आज गायब का?

हा प्रश्न हमखास येतो. कारण वर सांगितलं तेच. गाणं भाड्याने आणलेलं असतं. म्युझिक कंपनी आणि ॲप यांचा करार संपला की गाणी दिसेनाशी होतात.

जुनी भावगीतं आणि नाट्यगीतं घ्या. एचएमव्हीच्या तबकड्यांवर आलेलं असं पुष्कळ संगीत आज सारेगामा कंपनीकडे आहे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा या दोघांचं जमलं नव्हतं. करार झाला २०२० मध्ये. त्याआधी त्या ॲपवर जुनी मराठी गाणी शोधणाऱ्याला वाटलं असेल, मराठी गाणी ठेवतच नाहीत की काय! २०२३ मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांचंही असंच झालं, ती काही काळ स्पॉटिफायवरून गेली होती.

आणि कधीकधी अख्खं ॲपच जातं. गानाने २०२२ मध्ये जाहिराती ऐकून फुकट गाणी देणं बंद केलं आणि वर्गणी सक्तीची केली. रेसो जानेवारी २०२४ च्या अखेरीस भारतातून गेलं. एअरटेलचं विंक त्याच वर्षी बंद करण्याचं ठरलं.

गाणी दुसरीकडे मिळतात. वर्षानुवर्षं जमवलेली यादी मात्र मिळत नाही. माझ्या आईसाठी मी एका ॲपवर १४० गाण्यांची प्लेलिस्ट केली होती. ती सांगायची, मी शोधायचो. काही गाण्यांचे तिला शब्दही आठवत नव्हते, नुसती चाल गुणगुणायची. असे दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत मिळून जमवलेले १४० नग. खातं तिच्या जुन्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं. पुढे ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद झालं आणि नवीन फोनवर लॉगिन करताना ओटीपी जाणार तो त्याच नंबरवर. खातं गेलं, यादी गेली. चूक माझीच. आईने एवढंच विचारलं, "परत करता येईल ना रे?" त्यातली साठेक गाणी आठवली, बाकीची नाही.

म्हणून तीन कामं आजच करा.

१. खात्याला मोबाइल नंबरसोबत ईमेलही जोडा. सिम बदलण्याआधी हे नक्की तपासा.

२. यादीची प्रत स्वतःकडे ठेवा. स्पॉटिफायच्या वेबसाइटवर खात्याच्या प्रायव्हसी विभागातून तुमचा डेटा मागवता येतो. यूट्यूबसाठी गूगल टेकआउट आहे. हे जमत नसेल तर प्लेलिस्टचे स्क्रीनशॉट काढा, तेही पुरेत.

३. जे गाणं खरंच जिवापाड आवडतं त्याचं नाव, गायक आणि चित्रपट किंवा अल्बम एका नोटमध्ये लिहून ठेवा.

'प्रीमियम मॉड' टाकू का?

बहिणीने शेवटी हळूच विचारलं, "मैत्रिणीने टेलिग्रामवरून प्रीमियमवालं फुकट एपीके घेतलंय. मी पण घेऊ?"

नको. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून कारणही सांगतो. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असते. कुणी आत बदल केला की ती सही तुटते, मग तो माणूस स्वतःची सही मारतो. म्हणूनच असं एपीके टाकताना "आधी मूळ ॲप काढून टाका" असं सांगतात, कारण वेगळ्या सहीचं ॲप जुन्यावर बसतच नाही. म्हणजे तुम्ही अनोळखी माणसाचं ॲप टाकताय आणि त्याने आत अजून काय घातलंय हे तुम्हाला दिसत नाही. गाण्याच्या ॲपने एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर समजून जा. ज्या फोनवर ओटीपी येतात आणि यूपीआय चालतं त्याच फोनवर हा धोका कशाला? शिवाय खातं बंद होऊ शकतं ते वेगळंच.

अगदीच जाहिराती नको असतील तर स्पॉटिफाय आणि यूट्यूब या दोन्हींचे विद्यार्थ्यांसाठी स्वस्त प्लॅन आहेत, ते बघा.

मग कोणतं घ्यायचं?

फोन खिशात ठेवून हिंदी-मराठी ऐकायचं असेल तर जिओसावन. नवनवीन गाणी आणि कलाकार सापडावेत असं वाटत असेल तर स्पॉटिफाय. दुर्मीळ आणि लाइव्ह काही हवं असेल आणि वाय-फाय असेल तर यूट्यूब म्युझिक. काहीच निवडायचा कंटाळा असेल तर आकाशवाणी.

बहिणीच्या हॉस्टेलला वाय-फाय नाही आणि फोन तिच्या खिशात असतो. तिने जिओसावन टाकलं, क्वालिटी कमी केली आणि ईमेल जोडला. काल तिचा मेसेज आला, "दादा, आत्याची गाणी आठवतील तशी पाठव, मी पण शोधते." आता आईला रोज संध्याकाळी फोन लावून चाल गुणगुणायला सांगतोय. यादी ७२ वर आली आहे आणि या वेळी ती एका नोटमध्येही लिहिलेली आहे.