घरगाडीच्या सरकत्या खोलीवरील छत
अमेरिकेतील घरगाड्यांत मुक्कामी खोलीचा काही भाग बाहेर सरकतो व त्याबरोबर माथ्यावरील रुळावर गुंडाळलेले व्हिनाइलचे वा विणलेल्या ॲक्रिलिकचे छत उलगडते. ते सहसा अकस्मात फाटत नाही. अतिनील किरणांनी शिवणीचा दोरा जीर्ण होतो, साचलेल्या पाण्याने कापडास झोळ पडतो, गुंडाळीत अडकलेली काटकी छिद्र पाडते. उरलेले कार्य वारा करतो. म्हणून खोली आत घेण्यापूर्वी कचरा झाडून पाणी निथळवावे. फाटलेले व्हिनाइल दाट टाक्यांनी शिवणे हा उपाय नव्हे, अपायच होय : टपाल-तिकिटांच्या तावावरील छिद्रांप्रमाणे टाक्यांची रांग नवी चीर आखून देते. जागा स्वच्छ, कोरडी करून दोन्ही अंगांनी गोल कोपऱ्यांचे चिकट ठिगळ लावावे. टोकदार कोपरा लवकर सुटतो. व्हिनाइल सर्वत्र ताठरून तडकू लागले असल्यास मात्र कापडच बदलणे इष्ट.