शाल-श्रीफळाच्या पुढे काय?
कर्तृत्ववान आदिवासी तरुणाई आणि आपल्या शेजारच्या वाड्या

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली तो जाहीर केला. आता नेरळ, कर्जत, खालापूर या आमच्या भागातही त्या दिवशी ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधव जमतात. मिरवणुका निघतात, ढोल वाजतो, भाषणे होतात. दहावी-बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्या, मैदान गाजविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो. ज्यांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या केवळ लाकडाची मोळीच आली, त्यांच्या खांद्यावर एक दिवस शाल पडते, याचा आनंद आम्हांलाही होतो. का होऊ नये? गुणवंतांचा सत्कार म्हणजे काय असतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. वस्तीतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा, पहिली नर्स झालेली मुलगी यांची नावे आपल्या घराघरांत अजून निघतात.

परंतु वाचक बंधुभगिनींनो, प्रश्न आहे तो १० ऑगस्टचा. हार सुकल्यानंतर त्या मुलांचे पुढे काय होते? त्यासाठी आधी आपल्या महाराष्ट्रातील काही आदिवासी तरुणांची वाटचाल पाहू. ते कसे वर आले हे नीट समजले, तर आपल्या शेजारची मुले कुठे अडतात हेही समजेल.

सावरपाड्याची कविता

नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा लहानसा आदिवासी पाडा आहे. कविता राऊत तिथली. डोंगरातले ते जिणे, पाण्यासाठी पायपीट, शाळेसाठी पायपीट. पळायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती पळाली. आरंभी अनवाणीच पळाली. नाशिकचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या नजरेला ही मुलगी पडली आणि तिच्या पळण्याला वळण मिळाले.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या आधी असे पदक आले होते ते १९५८ साली, मिल्खासिंग यांचे. मध्ये ५२ वर्षे गेली! त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक पटकाविले. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. लोकांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. नकाशावर शोधून न सापडणाऱ्या पाड्याचे नाव एका मुलीने देशाला पाठ करायला लावले.

सामोड्याचा डॉक्टर कलेक्टर

दुसरे नाव डॉ. राजेंद्र भारूड यांचे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात सामोडे हे त्यांचे गाव, समाज भिल्ल. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले. उसाच्या पाचटाची झोपडी आणि पोटासाठी आईने मोहाची दारू गाळून विकायची, अशी घरची परिस्थिती. लहानग्याने रडू नये म्हणून त्याच्या तोंडात दारूचे थेंब सोडले जात, हे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितले आहे.

त्याच मुलाला गावच्या शाळेतील गुरुजींनी ओळखले. प्रवेशपरीक्षा देऊन तो जवाहर नवोदय विद्यालयात गेला. तिथे राहणे, जेवण, पुस्तके, सारे विनामूल्य. तिथून मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयात. डॉक्टर होता होताच त्यांनी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास केला आणि २०१३ च्या तुकडीतून ते भारतीय प्रशासन सेवेत आले. पुढे ते नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्याचे जिल्हाधिकारी झाले. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत होती. नंदुरबारने मात्र प्राणवायू तयार करणारे प्रकल्प वेळीच उभे करून ठेवले होते. ज्याच्या झोपडीत दिवा नव्हता, त्याने जिल्ह्याचा श्वास चालू ठेवला. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन आपल्या मुलांच्या हाती जरूर द्यावे.

शिखरावर पाच पोरे

तिसरी गोष्ट एकाची नाही, पाच जणांची आहे. आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ या नावाने चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांतून दहा मुलेमुली निवडली. त्यांना दार्जिलिंग, लडाख येथे गिर्यारोहणाचे शिक्षण दिले. मे २०१८ मध्ये त्यांतील पाच जण, मनीषा धुर्वे, कविदास काटमोडे, उमाकांत मडावी, परमेश आळे आणि विकास सोयाम, जगातील सर्वांत उंच अशा एव्हरेस्ट शिखरावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, दुसऱ्या तुकडीतील आदिवासी मुलेही तिथवर पोहोचली.

याआधी असे घडले होते ते तेलंगणात. २५ मे २०१४ रोजी तिथल्या समाजकल्याण निवासी शाळांतील दोन मुलांनी एव्हरेस्ट सर केले. एक आदिवासी मुलगी मालावत पूर्णा, वय अवघे १३ वर्षे ११ महिने, आणि दुसरा दलित मुलगा आनंद कुमार. निवासी शाळांची भाकर खाल्लेल्या त्या दोघांनी शिखरावर तिरंगा तर फडकविलाच, शिवाय सोबत नेलेले बाबासाहेबांचे छायाचित्रही तिथे उंच धरले. कष्टकऱ्यांची ही लेकरे ८,८४८ मीटर उंचीवर गेली, तेव्हा त्यांना आपला बाप आठवला! हे वाचताना कोणाचा ऊर भरून येणार नाही?

काटकपणा की संधी?

आता जरा विचार करू. अशा बातम्या आल्या की पुष्कळ लोक म्हणतात, ‘आदिवासी पोरे जात्याच काटक. डोंगर चढणे त्यांच्या रक्तातच असते.’ बोलणाऱ्याला हे कौतुक वाटते. आम्हांला मात्र त्यात जुनीच खोड दिसते. रक्तातच असते तर इतकी वर्षे ही मुले कुठे होती? माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांतील बाया भाजीपाला, दूध, लाकूडफाटा डोक्यावर घेऊन रोज डोंगर चढल्या-उतरल्या. त्यांना कोणी पदक दिले? काटकपणा होताच. नव्हती ती संधी.

कविताला प्रशिक्षक भेटला. राजेंद्रला गुरुजी आणि निवासी शाळा भेटली. चंद्रपूरच्या मुलांना दोन वेळचे अन्न, पायांत बूट आणि शिकविणारा माणूस भेटला. तिघांच्याही कथेत चमत्कार कुठेच नाही. दार उघडले आणि मूल आत शिरले, एवढेच. हे आपल्याला लवकर कळायला हवे, कारण आपणही त्याच दारातून आलो. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा पहिल्याच कामांत एक काम होते वसतिगृहाचे. १९२५ साली सोलापुरात ते सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला राहायला जागा आणि खायला अन्न मिळाले नाही, तर शाळेचे दार उघडे असून बंदच असते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याच जिल्ह्यातला नाग्या

शौर्यासाठी चंद्रपूर-नाशिकलाच जायला हवे असेही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलावर जगणाऱ्यांनाच जंगलबंदी करणाऱ्या कायद्याविरुद्ध माणसे उभी राहिली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. त्या प्रकरणाचा खटला ठाण्यात चालला, तेव्हा आरोपींच्या वतीने बॅरिस्टर म्हणून बाबासाहेबांनीही काम पाहिले. कातकरी आणि आपण यांचे नाते हे असे जुने आहे.

आणि आज? कातकरी ही केंद्र सरकारने अतिशय दुर्बल म्हणून नोंदलेली जमात आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल गेले, काताचा धंदा गेला, मागे राहिली मजुरी. आमच्या भागातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यात हाताला काम नसते म्हणून वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. दिवाळी सरली की भट्टीचा ट्रक वाडीवर येतो. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे, सारे त्यात चढते. आई-बाप चिखल तुडवितात, विटा पाडतात. थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेते. पाऊस तोंडावर आला की ट्रक परत येतो. तोवर शाळेचे वर्ष संपलेले असते.

ऑगस्टमध्ये जिच्या हाती गुलाबपुष्प दिले, ती मुलगी डिसेंबरात भट्टीवर असते. १० ऑगस्टचा प्रश्न म्हणतो तो हाच.

शाळेने जीवही वाचतो

१९ जुलै २०२३ ची रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती आले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्या रात्री वाडीतील जी मुले आश्रमशाळेत राहायला होती, ती वाचली. आई-बाप गेले, घर गेले, पण अंगावर गणवेश होता आणि पुढच्या वर्गात जायचे होते. शाळा माणसाला मोठे करते, हे आपण नेहमी म्हणतो. इथे तिने नुसते जगविले.

आश्रमशाळांत सारे आलबेल आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कुठे शिक्षक अपुरे, कुठे पाण्याचे हाल, कुठे मुलींच्या सुरक्षिततेची काळजी. त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण शाळेतील उणिवा शाळेत राहूनच दूर करता येतात, भट्टीवर जाऊन नव्हे.

आपल्याला काय करता येईल?

आपण स्वतःच कष्टकरी. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबईला झाडू मारायला जाणारे. आपल्याजवळ पैसा नाही, पण माहिती आहे. आणि माहितीही मोठी पुंजी असते.

पहिली गोष्ट दाखल्याची. जातीच्या दाखल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. कातकऱ्यांच्या घरी जुनी कागदपत्रे बहुधा नसतातच. अर्ज कसा भरायचा, कुठल्या कचेरीत उभे राहायचे, साहेबाशी कसे बोलायचे, हे आपल्या लोकांनी दोन पिढ्या चपला झिजवून शिकून घेतले आहे. ते शेजाऱ्याला शिकवावे.

दुसरी, नवोदयची परीक्षा. पाचवीतील मुलाला ती देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि अनुसूचित जमातींना राखीव जागाही आहेत. आपल्या रायगड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. वाडीवरच्या शाळेतील हुशार मुलाचा अर्ज आपल्या घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने भरून दिला, तर त्यात तिचा एक तास जाईल. त्याचे मात्र आयुष्य बदलेल.

तिसरी, आश्रमशाळा. कर्जत तालुक्यात पाथरज, भालिवडी अशा ठिकाणी शासकीय आश्रमशाळा आहेत. त्यांचा कारभार पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. भट्टीचा ट्रक येण्यापूर्वीच मुलाला तिथे घातले, तर आई-बाप गेले तरी मूल मागे राहते. बारावीनंतर ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाची ‘स्वयम्’ योजना आहे. आणि मूल भट्टीवर गेलेच, तर तिथल्या जवळच्या शाळेने त्याला वर्षाच्या मध्येही घेतले पाहिजे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. दाखला नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला परत पाठविता येत नाही.

चौथी गोष्ट पैशाची नाही, जिभेची आहे. आपल्याही वस्त्यांत ‘कातोडी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. भाजीचा वाटा विकणाऱ्या म्हाताऱ्या ठाकरणीला अरे-तुरे केले जाते. ज्या समाजाने नावाने हिणविले जाण्याचे दुःख भोगले, त्याने तरी ते दुसऱ्याला देऊ नये. वर्गातील कातकरी मूल शाळा सोडते, ते कधी भट्टीमुळे, तर कधी शेजारच्या बाकावरच्या हसण्यामुळे. आपली मुले त्या बाकावर बसतात, हे ध्यानात ठेवू या.

घटना समितीत बाबासाहेबांबरोबर जयपालसिंग मुंडा हे आदिवासींचे नेते बसले होते. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते. म्हणजे आदिवासी तरुणाने देशाचे नाव मोठे केले, ही गोष्ट आजची नाही. घटनेच्या ४६ व्या कलमात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्या शिक्षणाची जबाबदारी एकाच वाक्यात राज्यावर टाकली आहे. कागदावर आपण एकमेकांच्या शेजारी आहोत. नेरळ-कर्जतच्या वाड्या-वस्त्यांतही आहोतच.

तेव्हा येत्या ९ ऑगस्टला सत्काराला जरूर जा, टाळ्या मोकळ्या हाताने वाजवा. त्या मुलांची नावे मात्र एका वहीत लिहून घ्या. दिवाळीनंतर ती वही घेऊन वाडीवर एक चक्कर मारा आणि कोण शाळेत आहे, कोण नाही, ते पाहा. जे नसेल, त्याच्यासाठी लगेच कामाला लागा.