चार पंगती, एक वाढपी

बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कच्या खोक्यावर अनेकदा ‘५ गिगाबिट’ हा आकडा ठळक छापलेला असतो. हा वेग डिस्कचा नव्हेच. डिस्क ज्या यूएसबी ३ मार्गाने संगणकाला जोडली जाते, त्या मार्गाचा तो वेग. आठ बिटांचा एक बाईट हा हिशेब केला आणि सांकेतिकीकरणात जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, की सेकंदाला ५०० मेगाबाईट उरतात. आत फिरणारी अडीच इंची तबकडी मात्र सलग वाचतानाही १२०च्या आसपासच देते, आणि डिस्क भरत जाऊन आतली वर्तुळे वापरात आली की जवळजवळ त्याच्या निम्मे. पण व्हिडिओ एडिटिंगसाठी डिस्क निवडताना हा १२०चा खरा आकडासुद्धा फसवा ठरतो. पाहायचे असते ते दुसरेच: एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारायला डिस्कला किती वेळ लागतो.

लग्नाचे चित्रीकरण चार कॅमेऱ्यांनी केले आहे आणि चारही चित्रे पडद्यावर एकदम चालवून हवे ते निवडायचे आहे, असे धरू. प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या कोडेकमध्ये १०८० रेषांच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या चित्राला साधारण १८४ मेगाबिट, म्हणजे २३ मेगाबाईट लागतात. चार चित्रांचे झाले ९२. डिस्क १२० देते, म्हणजे भागले पाहिजे. भागत नाही, कारण चार फायली तबकडीवर चार ठिकाणी असतात आणि वाचणारे हेड एकच. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी हेड धरणाऱ्या हाताला सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. एक उडी सुमारे १७ मिलिसेकंदांना पडते. दर उडीला १ मेगाबाईट वाचला, तर वाचायला ८ आणि धावायला १७. हाती येतात सेकंदाला फक्त ४० मेगाबाईट. चार पंगतींना एकच वाढपी असला, की पळी मोठी करून फारसे साधत नाही. त्याचा वेळ चालण्यातच जातो. दर उडीला ४ मेगाबाईट उचलले तरी आकडा ८०च्या पुढे सरकत नाही.

हे दुखणे जुने आहे. आयबीएमच्या १९५६ सालच्या रॅमॅक यंत्रात पहिली हार्ड डिस्क होती. तिच्यात ५० लाख अक्षरे मावत आणि हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजची ४ टेराबाईटची डिस्क साठवणुकीत तिच्या आठ लाख पट आहे, उडीत मात्र पस्तीसेक पटच. चुंबकीय ठिपके लहान करत नेता येतात. वजन असलेला हात मनाच्या वेगाने हलवता येत नाही. ७२०० फेऱ्यांची डिस्क घेतली तरी फिरण्याची वाट पाहण्यातले जेमतेम दीड मिलिसेकंद वाचतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारे काहीच नाही, त्यामुळे तिची उडी मिलिसेकंदाच्या अंशात होते.

यावर कोणी म्हणेल, एडिटिंग अडकते ते प्रोसेसरमुळे, डिस्कमुळे नव्हे. एका कॅमेऱ्याच्या एव्हीसीएचडी फुटेजपुरते हे अगदी खरे. त्याला सेकंदाला जेमतेम ३ मेगाबाईट लागतात, आणि घाम फुटतो तो दाबलेली चौकट उलगडणाऱ्या प्रोसेसरला. असे काम करणाऱ्याने डिस्कवर जादा पैसे घालू नयेत. पण प्रोसेसरचा हाच भार हलका करायचा म्हणून फुटेज प्रोरेससारख्या कोडेकमध्ये बदलून घेतले, की ओझे उचलून डिस्कच्या खांद्यावर ठेवले जाते. हलक्या प्रॉक्सी फायली, म्हणजे फुटेजच्या कमी दर्जाच्या कामचलाऊ प्रती, करणे हा मधला मार्ग आहे आणि चांगला आहे. त्या पुन्हा एसएसडीवरच ठेवलेल्या बऱ्या.

एसएसडी लिहून लिहून झिजते, हाही आक्षेप असतो. झिजते. पण १ टेराबाईटच्या चांगल्या एसएसडीची हमी काहीशे टेराबाईट लेखनाची असते. ती ३०० धरली आणि रोज १०० गिगाबाईट लिहिले, तरी आठ वर्षे जातात. किमतीचा आक्षेप जास्त वजनदार आहे, पण सगळे एसएसडीवर ठेवायला सांगितले कोणी? तासाभराचे एचक्यू फुटेज ८३ गिगाबाईटचे. चालू कामाला १ टेराबाईट पुष्कळ झाले. संपलेली कामे फिरत्या डिस्कवर हलवावीत, दोन प्रतींत. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या एसएसडीतला विद्युतभार गळत जातो, म्हणून कपाटात ठेवायला तबकडीच बरी. अनेक स्वस्त डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर पुढची सगळी उचलावी लागतात. एडिटिंगला अशा डिस्क नकोत, साठवणीला चालतात.

सेकंदाला २००० मेगाबाईटची एसएसडी एचडीसाठी उधळपट्टी आहे. ५००वाली ९२चे काम आरामात करते. त्यापेक्षा केबल पाहून घ्यावी. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव आहे. मोबाईल चार्जरबरोबरच्या बऱ्याच टाइप-सी केबल आतून यूएसबी २च्या असतात, आणि त्यांनी जोडलेली एसएसडीही सेकंदाला त्याच ४० मेगाबाईटांशी येऊन अडते.