हळद, नावे आणि जमा

सेनगावचा शेतकरी बाजारात हळद घालतो. काटा होतो, हमाली-तोलाई वजा होते आणि त्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. ती पट्टी तो खिशात घालतो. तिकडे आडत्याच्या वहीत तीच रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा पडते. शेतकऱ्याने रीतसर वही ठेवली, तर तिच्यात आडत्याच्या खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडेल. एकाचे देणे तेच दुसऱ्याचे येणे. बँकेच्या पासबुकात आपण भरलेले पैसे ‘जमा’ का दिसतात, हे कोडेही इथेच सुटते. पासबुक ही बँकेची वही आहे, आणि तिच्या बाजूने बँक आपली देणेकरी असते.

सेनगावात तोष्णीवाल कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावातला वाणिज्य शाखेचा मुलगा ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ शिकतो, तेव्हा इटलीतले व्यापारी चौदाव्या शतकात जी रीत वापरत होते तीच त्याच्या हातात येते. लुका पाचोली या गणिती संन्याशाने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात ती नीट मांडली. पाचोलीने ती शोधून काढली नाही. व्यापारी करत होते ते त्याने लिहून ठेवले, आणि मला त्याचे मोठेपण त्यातच वाटते. पाचशे वर्षांत कागद गेले, संगणक आले, पण प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू हा पाया तसाच आहे.

या रीतीची खरी गंमत तेरजेत दिसते. सगळ्या खात्यांच्या नावे बाकीची बेरीज आणि जमा बाकीची बेरीज सारखी यायला हवी. समजा 900 रुपयांचा फरक आला. मुरलेला मुनीम आधी त्या फरकाला 9 ने भागून बघतो. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले असतील, असा संशय तो घेतो: 63,450 च्या जागी 64,350. असे का होते? दशक आणि एकक यांची अदलाबदल केली की दहापट वाढते ती एकीकडे आणि एकपट घटते ती दुसरीकडे. उरतो नऊपट फरक. शतक-सहस्रकाचेही तसेच, फक्त मागे शून्ये लागतात. नऊने भाग गेला नाही तर तो फरकाचे निम्मे करतो आणि त्या रकमेची नोंद शोधतो, कारण एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते! एक मात्र खरे: एखादा व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहायचाच राहिला, तर तेरीज गुमान जुळते. म्हणून नुसती तेरीज जुळली यावर मुनीम निश्चिंत होत नाही.

इथल्या जुन्या दुकानदारांना तर आणखी एक कसरत करावी लागे. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हाली सिक्का चाले. शेजारचे रिसोड वऱ्हाडात, तिथे इंग्रजी कलदार. सात हालीला सहा कलदार असा साधारण दर. दोन्हीकडे देणे-घेणे असलेल्याला एकाच मालाचा हिशोब दोन नाण्यांत लावावा लागे.

आता पुन्हा हळदीकडे, कारण लेखाशास्त्रातली सर्वांत नवलाची गोष्ट मला तिच्यात दिसते. हळद जूनच्या आसपास लागते आणि आठ-नऊ महिन्यांनी निघते. मोठ्या कंपनीने हळद लावली असेल, तर आर्थिक वर्ष संपताना जमिनीत उभे असलेले पीक वहीत कसे दाखवायचे? भारतीय लेखा मानक 41, जे 2015 मध्ये अधिसूचित झाले, सांगते की जिवंत पिकाची किंमत बाजारमूल्यातून विक्रीखर्च वजा करून धरा. म्हणजे मातीखाली कंद फुगतोय, एक दाणाही विकलेला नाही, तरी ती वाढ त्या वर्षीच्या नफ्यात येते. पीक काढले की त्या क्षणीची किंमत हीच पुढची मूळ किंमत ठरते. मग हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून गोदामात गेली, की सर्वसाधारणपणे नियम पालटतो: भाव कितीही चढो, विकल्याखेरीज तो नफा लिहायचा नाही. भाव पडला तर तोटा मात्र लगेच. काढणीची एक रेघ, तिच्या अलीकडे जीव आणि पलीकडे माल.

अर्थशास्त्राच्या तासाला याच हळदीची दुसरी गोष्ट कळते. यंदा भाव चढला की सगळे बेणे राखतात, लागवड वाढते, आणि नऊ महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. आमटीत चिमूटभर हळद लागते. भाव निम्मा झाला म्हणून कोणी दोन चिमटी घालत नाही. मागणी अशी ताठ, म्हणून भाव धाडकन कोसळतो, पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव पुन्हा उसळतो. आलेखावर हे वर-खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटते. निकोलस काल्डोर याने 1934 मध्ये या हालचालीला जाळ्याचेच नाव दिले.

हे जाळे हळदीत थोडे सैल पडते, ते वाळलेले हळकुंड टिकाऊ असल्यामुळे. टोमॅटो उत्पादकाला ही सवड नाही. माल गोदामात ठेवून पावती घ्यायची आणि त्या पावतीवर बँकेचे कर्ज उचलायचे, अशी सोय आहे. अशा पावत्यांना कायद्याचे बळ 2007 च्या गोदाम कायद्याने दिले. वहीत त्याची नोंद दोन ओळींची: रोकड नावे, कर्ज जमा. हळदीच्या साठ्याच्या खात्याला हात लागत नाही, कारण माल अजून शेतकऱ्याचाच आहे. व्याज चढत राहते, भावाकडे डोळे असतात, आणि कोणत्या आठवड्यात विकायचे हे तो त्या दोन आकड्यांच्या तुलनेवर ठरवतो.