परदेशातील विद्यार्थ्याची रोजकीर्द

नागपूर मेट्रोच्या लोकमान्य नगर स्थानकातून उतरले की हिंगण्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. त्याच रस्त्यावर वानाडोंगरी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी आहेत. येथून पदवी घेऊन उच्चशिक्षणासाठी परदेशी जाण्याची ओढ आता व्यापारी कुटुंबांतही रुजली आहे. शुल्क, कर्ज, व्हिसा यांची तयारी महिनोन्‌महिने चालते; मात्र तेथे गेल्यावर मुलाने किंवा मुलीने नियमितपणे काही लिहावे, याचा विचार क्वचितच होतो. जुनी दोन उदाहरणे पाहिली, तर या लेखनाचे मोल ध्यानात येते.

पहिले उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांच्या या पत्नीने एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून प्रयाण केले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि मार्च 1886 मध्ये पदवी मिळविली. परक्या थंडीत त्यांनी शाकाहार आणि आपला पोशाख सांभाळला. प्रकृती मात्र ढासळत गेली. मायदेशी परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले; वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. रुग्णसेवेचे स्वप्न अपुरे राहिले. पण त्यांनी लिहिलेली पत्रे राहिली. त्या पत्रांच्याच आधारे काशीबाई कानिटकरांना त्यांचे मराठी चरित्र सिद्ध करता आले. पत्रे नसती, तर एका विलक्षण विद्यार्थिनीचे मन पुढील पिढ्यांना कळले नसते.

दुसरे उदाहरण मोहनदास गांधी यांचे. विलायतेस जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष त्यांनी मद्य, मांस आणि स्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली. त्यानंतरच आईने अनुमती दिली. ज्ञातीने मात्र त्यांना बहिष्कृत ठरविले. त्यांना साहाय्य करणाऱ्यास किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड जाहीर झाला. तरीही सप्टेंबर 1888 मध्ये ते निघाले. लंडनमध्ये आरंभी पोटभर जेवण मिळेना. शोधता शोधता शाकाहारी खानावळ सापडली, तेथे शाकाहारावरील पुस्तक मिळाले आणि आईसाठी पाळलेले व्रत स्वतःच्या विचाराने स्वीकारलेले झाले.

सभेत बोलायला उभे राहिले की या तरुणाची वाचा बसे. लिहून आणलेले भाषणही दुसऱ्याला वाचावे लागे. तोच तरुण 1891 मध्ये लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ साप्ताहिकात हिंदुस्थानातील शाकाहार आणि सण यांविषयी लेख लिहू लागला. जे जिभेला साधले नाही, ते लेखणीला साधले. त्याच काळात ते पैन्‌पैचा हिशेब लिहीत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवीत. सार्वजनिक निधी हाताळताना ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

आज टपालाची आठवडेन्‌आठवडे वाट पाहावी लागत नाही. दूरध्वनीवर चेहराही दिसतो. तथापि त्या दोन मिनिटांत मुलगा ‘सर्व ठीक आहे’ एवढेच सांगतो आणि आईही तेवढ्यावर समाधान मानते. लिहायला बसले की ‘ठीक’ म्हणजे नेमके काय, हे स्वतःलाच विचारावे लागते. जेवण कोठे झाले, खर्च कोठे वाढला, कोणता विषय अवघड जातो, कोणाशी मैत्री झाली, हे कागदावर उतरते. एकटेपणाही आधी तेथेच दिसतो.

व्यापारी घरांना रोजकीर्दीचे महत्त्व सांगावे लागत नाही. नोंद त्याच दिवशी व्हावी, खरी असावी आणि तोट्याचीही असावी, हे तिचे नियम. परदेशातील विद्यार्थ्याच्या लेखनालाही तेच लागू पडतात. आठवड्यातून एक पान, तेही मराठीत, पुरेसे आहे. ते चारचौघांसाठी प्रसिद्ध करायचे असल्यास सोबत्यांची खासगी माहिती आणि स्वतःचा पत्ता त्यात नसावा, इतके पथ्य पाळावे.

घरच्यांनीही एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. तोट्याची नोंद वाचून रागावणारे घर असेल, तर पुढील नोंदी खोट्या होतात. मुलाने परीक्षेतील अपयश लिहून कळविले, तर प्रथम त्याने खरे लिहिले याची कदर व्हावी. उपदेश नंतरही करता येतो.