मटकीच्या पुरचुंडीतला अंधार

मटकी रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि पुरचुंडीवर झाकण ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मोड तयार. झाकण कशाला, असं विचारलं तर बऱ्याच घरांत उत्तर मिळतं, मोडांना अंधार लागतो. शाळेतल्या जीवशास्त्राच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय सापडणं कठीण. खर्च किरकोळ, निकाल दोन दिवसांत, आणि फसायला भरपूर जागा.

पहिली फसगत ठरलेली. एक वाटी कपाटात ठेवली, दुसरी खिडकीत उन्हात. खिडकीतले दाणे सुकले, कपाटातल्यांना मोड आले, आणि वहीत निष्कर्ष उतरला: अंधार हवा. पण खिडकीतल्या वाटीला उजेडाबरोबर ऊनही लागलं होतं आणि तिचं पाणीही उडालं होतं. कपाटात काळोख होता तशी ओलही टिकून होती. अंधार सहसा एकटा येत नाही. प्रयोगाची आखणी करायची म्हणजे त्याला त्याच्या सोबत्यांपासून वेगळं काढायचं.

त्याआधी शब्द नीट लावून घ्यावेत. ‘अंधार लागतो’ म्हणजे नेमकं काय? उजेडात मोड येतच नाहीत? कमी दाण्यांना येतात? उशिरा येतात? की आखूड येतात? हे चार वेगळे दावे आहेत आणि एकाच प्रयोगात चौघांना बसवलं की कुणाचाच निकाल लागत नाही. आपण दुसरा घेऊ: ठरलेल्या वेळी अंधारातल्या डब्यांत मोड आलेल्या दाण्यांची संख्या उजेडातल्यापेक्षा जास्त असेल. साल फोडून मुळाचं टोक निदान २ मिलिमीटर बाहेर आलं असेल तरच मोड धरायचा. हे वहीत आधी लिहून ठेवायचं, कारण डबे उघडल्यावर डोळे सोयीस्कर होतात.

आता मांडणी. झाकणाचे सारखे पारदर्शक डबे आठ घ्यावेत. प्रत्येकात कागदी नॅपकिनच्या सारख्या घड्या आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून तेवढंच पाणी. मटकी एकाच पुडीतली, एकाच झाकलेल्या पातेल्यात भिजवलेली. ती उपसून, हाताने कालवून, डब्यात २५-२५ दाणे मोजून टाकायचे. कुठल्या डब्याला अंधार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. आपण निवडायला गेलो की टपोरे दाणे आवडत्या बाजूला जातात. चार डब्यांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची. उरलेल्या चारांना तितकेच वेढे देऊन पारदर्शक प्लॅस्टिक. हे प्लॅस्टिक निरुपयोगी दिसतं आणि मुलं नेमकं तेच गाळतात. पण गुंडाळल्यामुळे हवा आणि बाष्प अडत असेल, तर ते दोन्हीकडे सारखंच अडायला हवं.

आठही डबे ट्यूबलाइटखाली एका टेबलावर, आलटून पालटून ठेवावेत. ऊन नको. उन्हात पारदर्शक डबा बंद गाडीसारखा तापतो, फॉइल मात्र ऊन परतवते. म्हणजे ऊब पुन्हा मागच्या दाराने आत. तरी खात्री करावी. दोन्ही प्रकारचा एकेक जादा डबा करून त्यात थर्मामीटर ठेवला की झालं.

डबे उघडायचे कधी? दर दोन तासांनी फॉइल सोडून डोकावलं, तर अंधार उरतच नाही. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली दाखवलं की लेट्यूसच्या बियांना थोडा वेळ लाल प्रकाश दिला की त्या रुजतात, आणि लगेच अतिलाल प्रकाश दिला की तो परिणाम पुसला जातो. मटकी लेट्यूस नव्हे. पण बी उजेड ओळखू शकतं हे एकदा कळल्यावर डोकावणं बंद. फॉइल एकदाच सोडायची. त्यासाठी आधी एका डब्यावर रंगीत तालीम घ्यावी आणि साधारण निम्म्या दाण्यांना मोड यायला किती तास लागतात ते पाहावं. मुख्य प्रयोग तेवढ्याच तासांनी उघडायचा. फार उशीर केला तर सगळ्यांनाच मोड आलेले असतील आणि फरक असला तरी दिसणार नाही. मोजणाऱ्याला डबा कुठल्या बाजूचा हे कळू देऊ नये. वेष्टनं दुसऱ्याने काढून डब्यांवर नुसते आकडे टाकावेत.

समजा, अंधारात १०० पैकी ५४ आणि उजेडात ४८ निघाले. जिंकला का अंधार? थांबा. निम्म्या दाण्यांना मोड येण्याजोग्या वेळी शंभरात सात-आठ, क्वचित दहा-बारा दाण्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणून आधी एकाच बाजूचे चार डबे आपापसांत किती वेगळे आहेत ते पाहावं. एकात १५ आणि दुसऱ्यात ११ असतील, तर ५४ आणि ४८ यांवर फार बोलण्यासारखं नाही. दहाच दाणे घेतले असते, तर एकेका दाण्याने दहा टक्के हलवले असते. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर सोयाबीनची उगवण तपासणारा शेतकरी मोजून शंभर दाणे घेतो, ते उगाच नाही.

मटकीत दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखे येतील अशी माझी अटकळ आहे. मोठ्या दाण्याच्या कडधान्यांना रुजायला अंधाराची गरज नसते. ओल, ऊब आणि हवा पुरते. मग घरोघरचा समज आला कुठून? फॉइलमधला एखादा डबा आणखी दोन दिवस झाकून ठेवला की अंदाज येतो. अंधारात कोंब फिकट आणि लांबलचक वाढतात, उजेडात आखूड आणि हिरवे. म्हणजे पहिल्या यादीतला चौथा दावा अजून जिवंत आहे, आणि त्याला संख्येऐवजी पट्टी लागेल.

शिवाय प्रत्येक डब्यात एखादा गणंग निघेल, न फुगलेला, खड्यासारखा टणक. तो गुपचूप फेकू नये. ‘मोड नाही’मध्येच धरावा आणि शेजारी तशी नोंद करावी. त्याच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. असे गणंग एका बाटलीत साठवावेत, निम्म्यांची साल पॉलिश पेपरवर हलकेच घासावी, आणि पुन्हा सगळे एकाच पातेल्यात भिजत घालावेत.