जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकतो? मग डिलिव्हरीचा हिशोब असा ठेवा

सेकंडहँड गाडी घ्यावी की टेम्पो भाड्याने लावावा, हे तुम्ही नेहमी विचारता. पण गाडी घेताना पेट्रोलच्या काट्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

बारामतीत माझं पत्रावळी, द्रोण, पेपर ग्लासचं दुकान आहे. डिलिव्हरीला जुनी मारुती ओम्नी. (२०१९ ला ती बंद झाली, म्हणजे आता मिळेल ती ओम्नी जुनीच!) एकदा इंदापूरला लग्नाचा माल घेऊन निघालो. काटा पाव टाकी दाखवत होता. लासुर्णे सोडलं आणि गाडी दोन आचके देऊन बंद. टाकी कोरडी! शेजारून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, आणि मी कडेला उभा. पेट्रोल आणून पोचलो तोवर केटररने तिथूनच माल उचलला होता. माल परत आला, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

टाकीत पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो. तो वर-खाली होतो तसा त्याचा दांडा एका पट्टीवरून सरकतो, आणि त्यावर काटा हलतो. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, फ्लोट अडकतो, कधी वायर सैल होते. मेकॅनिकला आधी वायर आणि अर्थिंग बघायला सांगा, ते स्वस्तात होतं. टाकी मात्र स्वतः उघडू नका. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

दुरुस्ती होईपर्यंत काय? पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. समजा १८२ किलोमीटरला १३ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १४. एकदा करून थांबू नका, तीन-चार वेळा करा, कारण भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं येतं. मग स्वतःचा आकडा ठरवा. माझा २५० किलोमीटर. काटा काहीही म्हणो, २५० झाले की पंप. ट्रिप मीटरही बंद असेल तर निघतानाचं किलोमीटर वहीत लिहा.

ही वही लिहिताना मला खरा धक्का बसला. पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला साडेसात रुपये. बारामती-इंदापूर जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर, म्हणजे ७५० रुपये नुसतं पेट्रोल. आणि मी डिलिव्हरीचे घेत होतो ४००! टायर, ऑइल, माझा अर्धा दिवस, हे तर धरलंच नव्हतं. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर दिलाय हो मी.

आता इंदापूरची एकच ऑर्डर असेल तर गाडी काढत नाही. भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी, वाटेतल्या दुकानदारांना आदल्या दिवशी फोन करतो. दोन-तीन ऑर्डर जमल्या की एकच फेरी. काटा महिन्याभराने दुरुस्त झाला, पण वही अजून डॅशबोर्डवरच आहे.